मंजुरी महाराजांचं लिंबू

पापडाच्या यंत्राला मारायला सुरुवात झाली, तेव्हा त्याचा मालक हात जोडून उभा होता. पोराचं जावळ काढताना बापाच्या तोंडावर असतं तसं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

बेसा रोडवरच्या मंगल कार्यालयात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात, तिथं आज यंत्रं मांडलेली होती. शेवया पाडणारं, संत्र्याची साल वाळवणारं, कापसाच्या पऱ्हाटीच्या कांड्या दाबून विटा करणारं. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. ज्यांना गळा नव्हता त्यांच्या हँडलला. आणि पापडाच्या यंत्राभोवती दहाबारा दणकट माणसं लोखंडी वळी ठोकलेले सोटे घेऊन रिंगण धरून होती.

"त्रुटी, क्वेरी, अडचणी..." मंजुरी महाराजांनी माइकमध्ये हाळी दिली.

"घेऊन जा गे मारबत!" सभागृह गर्जलं.

खाडकन पहिला सोटा बसला. पत्रा चेपला. दुसऱ्यात पट्टा तुटला, तिसऱ्यात मोटर निखळून घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत आली, तर एका काकूंनी तिलाही चपलेनं दोन दिल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावची पीडा मारबत नावाच्या पुतळ्यात भरून ती मिरवायची, बडवायची आणि जाळायची, हे नागपूरच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. महाराजांनी फक्त पुतळ्याच्या जागी यंत्र ठेवलं होतं. लोकांना त्यात वावगं असं काही दिसलं नाही.

मागच्या भिंतीशी, पाण्याच्या ड्रमजवळ उभ्या असलेल्या सरिताला मात्र घाम फुटला होता. कारण रांगेतलं शेवटचं यंत्र तिचं होतं.

शासनानं छोट्या उद्योगांसाठी एक निधी काढला होता. ज्याच्याकडे नवी युक्ती आहे, त्यानं यंत्र बनवून दाखवावं. समिती येऊन पाहील, पसंत पडलं तर पुढच्या कामाला शासन हातभार लावेल. योजना अगदी सरळ होती. सरळ गोष्टीवर आपल्याकडे कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून मंजुरी महाराज प्रकट झाले.

सरिताचं यंत्र कणीक आपटायचं होतं. तिची आई सिंधूताई आयुष्यभर लांब रोट्या करत आली. त्या रोटीची कणीक मळून भागत नाही. पातळ भिजवून, परातीत उचलून उचलून आपटावी लागते, तेव्हा कुठं ती हातावर पदरासारखी लांबते आणि उपड्या माठावर पसरते. आपटता आपटता सिंधूताईचा उजवा खांदा गेला. मग पॉलिटेक्निक शिकलेल्या लेकीनं दोन लाकडी थापे बसवलेलं यंत्र बनवलं. थापे वर जायचे आणि सिंधूताईच्याच जोरानं खाली यायचे. वेल्डिंग-फिटिंग सगळं नत्थूनं केलं. तो शेजारच्या शेडमधला फिटर, या धंद्यात तिचा भागीदार. समिती परवा यायची होती. दुसरं यंत्र करायला ना वेळ होता ना लोखंड.

आणि आज सकाळी शेड उघडली तर यंत्र नाही, नत्थू नाही. चहावाल्यानं सांगितलं, टेम्पोत घालून महाराजाकडे नेलं.

कालच तिनं नत्थूला समजावलं होतं.

"ताई, ज्याइले ज्याइले मंजुरी भेटली ना, ते सारे महाराजाकडं जाऊन आले," तो म्हणाला होता.

"आणि ज्याइले नाही भेटली ते?"

"त्याइचं मले काय मालूम? ते परत येतच नाहीत ना!"

"अरे, तेच तर सांगून राहिली तुले! शंभरातल्या काहींना भेटणारच. ते हार घेऊन येतात. बाकीचे लाजेनं घरी बसतात."

नत्थूनं मान हलवली होती. आपल्याकडे मान हलवण्याचा अर्थ 'पटलं' असा घ्यायचा नसतो, हे सरिताला आता कळलं.

"माय, तू इथंच थांब," ती शेजारी उभ्या सिंधूताईला म्हणाली.

"काहून? मी काय पाहुणी आली का?" सिंधूताईनं पदर खोचला. "छप्पन साली माह्या बापानं दीक्षाभूमीवर देव-देवरुषी सारे सोडले. अन् तुहा भागीदार पाहा, यंत्राले हार घालून उभा हाय!"

मंचावर खरंच नत्थू उभा होता. नवा सदरा, कपाळभर गुलाल.

महाराज त्याच्याजवळ आले. भगवी कफनी, कानात वायरलेस माइक आणि हातात लिंबांची परडी.

"बच्चा," ते म्हणाले, "तुझं यंत्र टेक्निकली ओके आहे. पण स्पिरिच्युअली व्हॅल्युएशन झीरो आहे. प्रोटोटाइप आहे, प्राण कुठाय?"

"नाही, महाराज," नत्थू म्हणाला. जणू प्राण घरी विसरून आला होता.

"लोक म्हणतात, पोर्टलवर अर्ज केला. अरे, त्या पोर्टलच्या वर एक पोर्टल आहे! ते कधी हँग होत नाही, त्याला ओटीपी लागत नाही. समिती काय करते? समिती फक्त सही करते. सही करायची बुद्धी कोण देतं?"

"महाराज!" सभागृहानं उत्तर दिलं.

"झाकण उघड, बच्चा. उघड्या झाकणानं यंत्र चालतं का?"

"नाही, महाराज. झाकण उघडलं का बंद पडते. निधीची अटच हाय तशी. म्हणजे कोणाचा हात जाऊ नये म्हणून."

"बघा! मनुष्याचा नियम म्हणतो, चालणार नाही. आता वरच्या पोर्टलला विचारू. चाललं तर मंजुरी. नाही चाललं..." महाराजांनी पापडाच्या यंत्राच्या चोथ्याकडे नुसतं पाहिलं. सोटेवाल्यांनी सोटे पेलले.

सरितावर त्या क्षणी जी वेळ आली ती कुठल्याच विवेकी माणसावर येऊ नये. या भोंदूचा चमत्कार खोटा आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि तो यशस्वी व्हावा म्हणून ती नखं चावत होती.

महाराजांनी परडीत बोटं फिरवली, एक कुंकू माखलेलं लिंबू निवडलं आणि यंत्राच्या काठावर, झाकण टेकतं तिथं ठेवलं.

धप्प!

थापे उठले आणि आत भरलेल्या कणकेवर आपटले. धप्प, धप्प, धप्प. झाकण सताड उघडं, यंत्राला कोणाचं बोट लागलेलं नाही, आणि यंत्र चालू! लोक उभे राहिले. ढोल वाजू लागले. एक बाई घुमायला लागली. नत्थूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सरिताला सुटल्यासारखं वाटलं, पण ते एक श्वासभरच. मग तिच्यातली यंत्र बनवणारी बाई जागी झाली. झाकण उघडं असताना हे चालूच कसं शकतं? बटण बिघडलं? तेवढ्यात महाराजांनी लिंबू उचललं. यंत्र थांबलं. जागच्या जागी. बिघडलेलं बटण असं शिस्तीत थांबत नाही.

"आता आतला पहिला गोळा प्रसाद म्हणून काढ," महाराज म्हणाले.

नत्थूनं हात आत घातला. काहून नाही घालणार? झाकण उघडं म्हणजे यंत्र मेलेलं, ही सवय त्यानं स्वतःच्या हातांनी त्या यंत्रात बसवली होती.

आणि महाराजांनी, त्या हाताला आशीर्वाद द्यावा म्हणून, लिंबू पुन्हा काठाकडे नेलं.

"नत्थू! हात काढ!" सरिता ओरडली. ढोलांत तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही.

धप्प.

बोटं मोडल्याचा आवाज माइकनं सगळ्या सभागृहाला ऐकवला. नत्थूची किंकाळी त्याच्यामागून आली. हात ओढायला गेला तर सदऱ्याची नवी बाही थाप्याच्या दांड्यात गुंडाळली. थापे पुन्हा उठले, पुन्हा बसले. पांढऱ्या कणकेवर रक्ताची चिळकांडी उडाली, पुढच्या थापेला ती कणीक गुलाबी झाली, त्याच्या पुढच्या थापेला लाल.

महाराज दचकून मागं सरले. लिंबू हातातून सुटलं आणि पडायचं सोडून काठाला टक्कन जाऊन बसलं. प्लग कुठं आहे हे फक्त चेल्यांना ठाऊक होतं. तो मंचाच्या झालरीखाली होता, आणि चेले महाराजांच्या तोंडाकडे बघत होते. महाराजांना क्षणभर काही सुचलं नाही. पण बुवाबाजीत क्षणभरच मिळतो.

"कोणी हात लावू नका!" ते गरजले. "यंत्र बळी मागून राहिलंय! हे कोणी बनवलं? कोणाची सावली आहे यावर?"

सरिता तोवर खुर्च्यांवरून उड्या मारत मंचापाशी पोचली होती.

"हीच ती!" चेल्यानं बोट दाखवलं. "हिनंच बनवलं! आत्ता हिनंच तिकडून तोंड उघडलं, तवाच यंत्रानं घास घेतला!"

हे मात्र लोकांना झटकन पटलं. झाकण, बटण, वीज यांना वेळ लागतो. बाईनं करणी केली, हे लगेच समजतं. कोणीतरी तिची वेणी धरली आणि मागं खेचलं. एक चापट कानावर बसली, एक बुक्की पाठीत. "बोल, कोणाची हायस! बोल!" दुसऱ्याचं ऐकून तिसरा मारत होता. सोटा पोटरीवर बसला आणि ती गुडघ्यावर आली. वर यंत्र चालूच होतं. धप्प, धप्प. नत्थूचा आवाज आता किंकाळीचा राहिला नव्हता, कण्हण्याचा झाला होता.

"सोड माह्या पोरीले!"

सिंधूताईचा उजवा खांदा गेला होता, हे आपण पाहिलं. डावा शाबूत होता. त्या डाव्या हाताखाली आयुष्यात किती कणीक गेली याची मोजदाद नाही. वेणी धरणाऱ्याच्या गालावर तो हात असा बसला की तो माणूस दोन खुर्च्या घेऊन आडवा झाला. यंत्राची मूळ कल्पना किती जोरकस होती हे लोकांना पहिल्यांदाच कळलं.

वेणी सुटली. सरिता हातापायांवर रांगत मंचावर चढली आणि काठावरचं लिंबू ओरबाडून काढलं.

यंत्र थांबलं.

सोटेवाला तिच्या डोक्यावर होता. त्यानं सोटा दोन्ही हातांनी उगारला. तिनं डोकं वाचवायला हात वर केला. त्याच हातात लिंबू. लोखंडी वळं वीतभर जवळ आलं आणि लिंबू तिच्या बोटांतून सुटलं. ते खाली नाही पडलं. वर गेलं. वळ्याला जाऊन चिकटलं.

सोटेवाल्यानं सोट्याकडे पाहिलं. सोटा हलवला. लिंबू हललं, सुटलं नाही. त्यानं सोटा उलटा केला. लिंबू उलटं लटकत राहिलं.

ढोल आपोआप थांबले.

"काहून गा," सिंधूताई खालून म्हणाली, "लिंबू कधीपासून लोखंडाले चिकटून राहिलं?"

ती मंचावर आली, लिंबू ओढून काढलं आणि डाव्या मुठीत दाबलं. रस मनगटावरून ओघळला. मूठ उघडली तेव्हा चोथ्याच्या मधोमध चपटी, चकचकीत चकती होती. तिनं ती पुन्हा सोट्याच्या वळ्याजवळ नेली. टक्. चिकटली.

"चुंबक," चकती वळ्यावरून उपटून घेत सरिता म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. "आधी नत्थूले सोडवा. मग मले मारा."

दोघांनी बाही फाडली. पंजाचं जे काही उरलं होतं ते सिंधूताईनं पदरात गुंडाळलं आणि ती त्याला घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण इतकी माणसं सोटे घेऊन जमली की ती रिकाम्या हातानं घरी जात नाहीत.

पहिला सोटा उचलला पापडाच्या यंत्राच्या मालकानं. त्याचं नाव रुपराव. शेत भावाच्या हवाली करून त्यानं ते यंत्र उभं केलं होतं, आणि तासाभरापूर्वी ते हात जोडून मोडू दिलं होतं. "भोसडीच्या!" म्हणत त्यानं सोटा महाराजांच्या खांद्यावर घातला. मग सगळेच धावले. मघाशी ज्या गळ्यांतून जयजयकार निघाला त्यांतूनच शिव्या निघाल्या, आणि जोर तोच. महाराजांचं कपाळ फुटलं, माइक कानातून लोंबला आणि त्यांचं "मारू नका, मारू नका" सभागृहभर घुमलं.

"जाळा साल्याले! या यंत्रासंगच जाळा!" कोणीतरी ओरडलं. "लोखंडानं रक्त चाटलं, ते आता ठेवू नये!"

"घेऊन जा गे मारबत!" पुन्हा सुरू झालं. महाराजांना ओढत आणून यंत्राच्या पायाशी टाकलं. सोटे उठले.

सरितानं यंत्राचं झाकण पूर्ण मागं टाकलं, बाही वर केली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. नत्थूचं रक्त अजून ओलं होतं.

"मारा," ती म्हणाली. "यंत्र फोडायचं असंल तर माह्या हातासकट फोडा."

सोटे वरच्या वर राहिले.

"रुपरावदादा, यंत्राची वीज चालू आहे. चालूच राहू द्या. बघा, झाकण उघडं आहे, माझा हात आत आहे. चाललं का?"

"हात काढ बाई!" रुपराव किंचाळला. "खाईल ते!"

"नाही खाणार. यात भूत नाही, बटण आहे. झाकणात एक चुंबक आहे. झाकण बंद झालं की ते या बटणाजवळ येतं आणि यंत्र चालतं. उघडलं की दूर जातं, यंत्र थांबतं. इथल्या सगळ्या यंत्रांना हेच बटण आहे, कारण तेच स्वस्त मिळतं. बटणाला फक्त एवढंच कळतं, चुंबक जवळ आहे का नाही. ते झाकणात आहे का लिंबात, हे त्याला कुठून कळणार?"

लोक तिच्या हाताकडे बघत होते. थापे तिच्या मनगटाच्या वर टांगलेले होते आणि हलत नव्हते. कधी नव्हे ती त्या सभागृहात माणसं श्वास रोखून एका न घडणाऱ्या गोष्टीकडे पाहत होती.

मग तिनं हात काढला, पुन्हा एकदा आत काही नाही ना हे पाहिलं आणि चकती रुपरावच्या तळहातावर ठेवली. "तुम्हीच करा."

रुपरावनं चकती काठाजवळ नेली. धप्प. दूर केली. शांत. जवळ. धप्प. दूर. शांत. लहान पोरासारखा तो करत राहिला. मग एकाएकी थांबला.

"मंग माह्यं काहून नाही चाललं?"

"तुमच्यावर ठेवलं ते लिंबू नुसतं लिंबू होतं."

"पण मीच काहून? मी काय वाकडं केलं होतं?"

"काहीच नाही, दादा. दर वेळी एखादं यंत्र फोडावंच लागतं. त्याशिवाय बाकीचे भिणार कसे?"

रुपरावनं सोटा खाली टाकला. तुटलेल्या मोटरपाशी जाऊन बसला आणि तिच्यावरची धूळ सदऱ्यानं पुसू लागला. ते पाहून बाकीच्यांचे सोटेही एकेक करून खाली आले. महाराज यंत्राच्या पायाला मिठी मारून बसले होते. कधी काळी त्यांनी यंत्रांवर एवढं प्रेम केलंही होतं. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली नेलं तेव्हा कळलं, की पूर्वाश्रमी ते प्रताप नगरात वॉशिंग मशीन दुरुस्त करायचे. तिथल्या झाकणालाही असंच बटण असतं.

ज्यांनी सरिताला मारलं, त्यांची नावं तिनं पोलिसांना सांगितली. "ताई, भावनेच्या भरात झालं," असं एक जण म्हणायला आला. "हो, जबाबात तेही लिहून घेतलंय," ती म्हणाली.

नत्थूची दोन बोटं वाचली नाहीत. सरितानं समितीला फोन करून झालं ते जसंच्या तसं सांगितलं. यंत्राला माणसाचं रक्त लागलंय हे अर्जदारानं स्वतःहून सांगायची समितीला सवय नव्हती. भेट पुढं ढकलली गेली. पण समिती आली, आणि यंत्र नत्थूनंच चालवून दाखवलं, पट्टी बांधलेला हात पाठीमागं धरून.

"आणखी कोणी शिफारस केली आहे का याची?" एका सदस्यानं सवयीनं विचारलं.

"होय साहेब," नत्थू म्हणाला. "वरच्या पोर्टलनं. म्हणून तर बोटं गेली."

समितीनं यंत्र पसंत केलं आणि एक दुरुस्ती सांगितली. बटण बदला. असं बसवा, की ते आपल्याच झाकणाचं चुंबक ओळखेल आणि दुसऱ्या कोणाच्या चुंबकानं चालू होणार नाही. तसली बटणं बाजारात मिळतात, थोडी महाग पडतात. सरितानं ती बसवली. रुपरावनंही नव्या पापडयंत्राला तीच बसवली.

आता कोणाचंही लिंबू ठेवा, ती यंत्रं जागची हलत नाहीत. माणसासाठी मात्र अजून तसं बटण निघालेलं नाही. कोणीही कफनी घालून जवळ आलं की आपण चालू होतो आणि सोटा उचलतो, मग समोर यंत्र असो, बाई असो की स्वतः महाराज असोत. ज्या कोणाला असं बटण सुचेल त्यानं जरूर अर्ज करावा, निधी अजून चालू आहे. तोवर एवढंच करा. समोर काही अद्भुत घडलं तर हात जोडण्याआधी आणि सोटा उचलण्याआधी लिंबू मागून घ्या, आणि कापून पाहा.